शस्त्रक्रियेपूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगाची स्टेज ठरवताना: सीटी, पेट-सीटी, एमआरआय आणि ईबस एकत्र कसे वाचावेत

फुप्फुसात गाठ सापडली आणि ती कर्करोगाची असल्याची शंका आली की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, "ऑपरेशन होईल का?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणतीही एक तपासणी देऊ शकत नाही. सीटी गाठीचा आकार आणि शेजार दाखवतो, पेट-सीटी शरीरात अन्यत्र संशयाच्या जागा दाखवतो, एमआरआय मेंदू आणि नसांबद्दल सांगतो, आणि श्वासनलिकेतून जाणारी अल्ट्रासाउंडची दुर्बीण, म्हणजे ईबस, संशयित गाठीतून प्रत्यक्ष पेशी काढून आणते. या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, एकीचा निष्कर्ष दुसरीने कसा पडताळावा आणि कोणत्या टप्प्यावर चित्रांवर विसंबणे थांबवून सुईकडे वळावे, हे रुग्णांच्या नातेवाइकांना आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना समजावे म्हणून हा लेख लिहिला आहे. लेखात नॉन-स्मॉल सेल, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचा विचार केला आहे, कारण शस्त्रक्रियेचा प्रश्न मुख्यतः त्याच प्रकारात येतो.

स्टेज तीन अक्षरांनी मांडली जाते. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) आणि एम म्हणजे दूर पसरलेला आजार. मूळ गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर टी१, ३ ते ५ सेंटिमीटर असेल तर टी२, ५ ते ७ असेल तर टी३ आणि त्याहून मोठी असेल तर टी४ असे ढोबळ टप्पे आहेत. गाठ छातीच्या भिंतीत शिरली असेल तर आकार लहान असूनही टी३, आणि मोठ्या रक्तवाहिन्या, मुख्य श्वासनलिका, अन्ननलिका, मणका किंवा श्वासपटल यांत शिरली असेल तर टी४ धरतात. फुप्फुसाच्या मुळाशी त्याच बाजूला असलेल्या ग्रंथींत आजार असेल तर एन१, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, म्हणजे मेडिआस्टायनममध्ये, त्याच बाजूला किंवा श्वासनलिकेच्या दुभाजनाखाली असेल तर एन२, आणि विरुद्ध बाजूला किंवा गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाच्या वरच्या ग्रंथींत असेल तर एन३. शस्त्रक्रियेचा निर्णय बहुतेक वेळा एन१ आणि एन२ यांच्यामधल्या सीमेवर अडतो, आणि म्हणूनच या लेखाचा सर्वाधिक भाग त्या सीमेसाठी आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण सोबत घेऊ. ६२ वर्षांचे एक गृहस्थ, पूर्वी विडी ओढणारे. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात सावली दिसली आहे.

पहिली पायरी: कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी

छातीचा सीटी लिहून देताना त्यात पोटाचा वरचा भाग, म्हणजे यकृत आणि दोन्ही अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी), आवर्जून घ्यावा, कारण हा कर्करोग या अवयवांत अनेकदा जातो. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे आणि ॲलर्जीचा इतिहास विचारावा. कॉन्ट्रास्टशिवाय काढलेल्या सीटीमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी असलेली ग्रंथी आणि तिथलीच रक्तवाहिनी वेगळी ओळखणे फार कठीण जाते, आणि तोच भाग तर आपल्याला नीट पाहायचा असतो.

मोजमाप साधारण १ मिलिमीटर जाडीच्या पातळ कापांवर करावे. ५ मिलिमीटरच्या जाड कापांवर ३.१ सेंटिमीटरची गाठ २.९ ची भासू शकते आणि तेवढ्यानेच तिचा टी बदलतो. गाठीचा काही भाग ढगासारखा धूसर आणि काही भाग घन असेल, तर टी ठरवताना फक्त घन भागाचे माप धरायचे असते. रिपोर्टमध्ये दोन्ही मापे वेगवेगळी लिहिलेली नसतील, तर रेडिओलॉजिस्टकडे ती मागून घ्यावीत. नातेवाइकांनी छापील फिल्मवर समाधान न मानता सगळ्या कापांची सीडी घ्यावी. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती लागते, आणि फिल्मवर निवडक चित्रेच असतात.

गाठ छातीच्या भिंतीला टेकली आहे एवढ्यावरून ती भिंतीत शिरली आहे असे ठरत नाही. टेकलेली लांबी ३ सेंटिमीटरहून अधिक असणे, मधली चरबीची रेषा पुसली जाणे, गाठ आणि भिंत यांच्यामध्ये विशालकोन होणे, ही संशयाची लक्षणे आहेत. बरगडी खाल्ली गेलेली दिसणे मात्र जवळजवळ निर्णायक असते. इथे चित्राइतकेच महत्त्व रुग्णाच्या शब्दांना आहे. त्याच जागी सतत, रात्री जागवणारे दुखणे असेल, तर सीटीने संदिग्ध उत्तर दिले तरी भिंतीचा सहभाग गृहीत धरून पुढची आखणी करावी.

ग्रंथींबाबत सीटीचा निकष एकच आहे: कमी रुंदीच्या दिशेने मोजलेला व्यास १० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर ग्रंथी वाढलेली समजायची. हा निकष फार अपुरा आहे. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत एकत्र केलेल्या अभ्यासांनुसार मेडिआस्टायनमच्या ग्रंथींसाठी सीटीची संवेदनशीलता सुमारे ५५ टक्के आणि विशिष्टता सुमारे ८१ टक्के भरते. म्हणजे आजार असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत सीटी ग्रंथींना निर्दोष ठरवतो, आणि आजार नसलेल्या काहींना दोषी ठरवतो.

आपल्या उदाहरणातील गृहस्थांच्या सीटीमध्ये गाठ ३.४ सेंटिमीटरची निघाली, म्हणजे टी२ए (टी२ मधला ४ सेंटिमीटरपर्यंतचा लहान गट). उजव्या बाजूला श्वासनलिकेच्या शेजारी, तज्ज्ञ जिला स्टेशन ४ आर म्हणतात तिथे, ११ मिलिमीटरची एक ग्रंथी आहे, आणि डाव्या अधिवृक्क ग्रंथीत १८ मिलिमीटरची एक लहान गाठ आहे.

पेट-सीटीकडे जाण्यापूर्वी मान हाताने तपासावी आणि शक्य असेल तर मानेची साधी सोनोग्राफी करावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हासळीच्या हाडाच्या वर ग्रंथी सापडली तर तिथून बारीक सुईने पेशी काढणे ओपीडीतले काम आहे, आणि तिथे कर्करोग निघाला तर निदान आणि एन३ ही दोन्ही उत्तरे एकदम मिळतात. त्याचप्रमाणे सीटीमध्येच यकृतात, हाडांत, अनेक ठिकाणी उघड पसरलेला आजार दिसत असेल, तर मेडिआस्टायनमचा बारीक शोध घेण्याची गरज उरत नाही. जिथून सर्वात सुरक्षितपणे तुकडा मिळेल तिथून तो घ्यावा.

दुसरी पायरी: पेट-सीटी

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, आणि तेव्हापासून ही तपासणी महाराष्ट्रात हळूहळू आवाक्यात येत गेली. यात एफडीजी नावाची, किरणोत्सारी फ्लोरिनची खूण लावलेली साखर शिरेतून देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चित्रात उजळतात. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्यामुळे डोस ठरलेल्या वेळेसाठीच बनवलेला असतो, म्हणून केंद्रात वेळेवर पोहोचावे.

तयारी नीट झाली नाही तर चित्र फसवे येते. आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम करू नये, कारण थकलेले स्नायू साखर ओढतात. तपासणीपूर्वी किमान ४ ते ६ तास उपाशी राहावे, साधे पाणी मात्र भरपूर प्यावे. चहा, दूध, लिमलेटची गोळी यांपैकी काहीही चालत नाही. रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या आत असावी. मधुमेही रुग्णाने इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनबद्दल केंद्राला आधीच विचारावे आणि स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. इंजेक्शननंतर सुमारे तासभर शांत पडून राहायचे असते. या वेळात फार बोललो तर घशाचे स्नायूही उजळतात, आणि थंडीत कुडकुडलो तर मानेतील तपकिरी चरबी उजळून ग्रंथींसारखी भासते, म्हणून उबदार कपडे सोबत न्यावेत.

एक गैरसमज मला सतत आढळतो. पेट-सीटी झाला म्हणजे सीटी वेगळा नको, असे अनेकांना वाटते. परंतु पेटसोबतचा सीटी पुष्कळदा कमी किरणांचा आणि कॉन्ट्रास्टशिवाय असतो. त्याचे काम उजळलेली जागा शरीरात कुठे आहे ते दाखवणे एवढेच असते. गाठ रक्तवाहिनीला किती बिलगली आहे हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून केंद्रात पूर्ण प्रतीचा कॉन्ट्रास्ट सीटी त्याच बैठकीत होणार आहे का हे आधी विचारावे, आणि पूर्वी झाला असेल तर त्याची सीडी सोबत न्यावी.

या तपासणीचा खरा उपयोग निष्फळ शस्त्रक्रिया टाळण्यात आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्लस चाचणीत नेहमीच्या तपासण्यांनंतर ४१ टक्के रुग्णांची छाती व्यर्थ उघडली गेली, आणि पेटची जोड दिल्यावर हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. डेन्मार्कमधील २००९ च्या चाचणीत झालेल्या शस्त्रक्रियांपैकी व्यर्थ ठरलेल्यांचे प्रमाण पेट-सीटीशिवाय ५२ टक्के आणि पेट-सीटीसह ३५ टक्के होते.

परंतु पेटला कर्करोग ओळखता येत नाही. त्याला साखरेची भूक ओळखता येते, आणि ती भूक क्षयरोगाच्या ग्रंथीला, सारकॉइडोसिस या ग्रंथी सुजवणाऱ्या आजाराला, सिलिकाच्या धुळीने सुजलेल्या ग्रंथीला आणि साध्या न्यूमोनियालाही असते. उलट कार्सिनॉइड ही सावकाश वाढणारी गाठ, सीटीत धूसर दिसणारा ॲडिनोकार्सिनोमा हा कर्करोग आणि ८ मिलिमीटरहून लहान गाठ पेटमध्ये अंधारीच राहू शकते. आपल्याकडे क्षयरोग इतका पसरलेला आहे, की पाश्चात्त्य मार्गदर्शिकांतील विश्वासार्हतेचे आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णाला लावणे मला धोक्याचे वाटते.

आपल्या गृहस्थांच्या पेटमध्ये मूळ गाठ तेजस्वी आहे, ४ आर ग्रंथी उजळली आहे, दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी थोडी थोडी सारखीच चमक आहे, आणि डावी अधिवृक्क ग्रंथी मंद उजळली आहे. नुसता रिपोर्ट वाचला तर टी२ए, एन२, एम१बी (छातीबाहेर एकाच जागी पसरलेला आजार), म्हणजे चौथी स्टेज, असा अर्थ निघतो. दोन्ही बाजूंच्या मुळांशी असलेली चमकही धरली तर एन३ म्हणावे लागेल. अशा रिपोर्टवर पुष्कळ कुटुंबे शस्त्रक्रियेची आशा सोडतात.

तिसरी पायरी: दोन्ही चित्रे शेजारी ठेवणे

रेडिओलॉजिस्ट आणि न्यूक्लियर मेडिसिनचे तज्ज्ञ एकत्र बसून चित्रे पाहतात तेव्हा काही प्रश्न क्रमाने विचारले जातात. पहिला प्रश्न असा, की उजळलेली जागा आणि सीटीमधली गाठ खरोखर एकच आहे का. पेटचे चित्र काही मिनिटे चालू श्वासात घेतलेले असते आणि सीटीचे काही सेकंदांत, त्यामुळे श्वासपटलाजवळ दोन्ही चित्रे एकमेकांवरून सरकतात. यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसात दिसू शकते, आणि खालच्या खंडातली छोटी गाठ श्वासासोबत हलून प्रत्यक्षाहून फिकी दिसू शकते.

दुसरा प्रश्न ग्रंथीच्या स्वरूपाचा असतो. तिची चमक मेडिआस्टायनममधील रक्ताच्या चमकेहून अधिक आहे का, हे पाहतात. ग्रंथीत चुना साठलेला असेल, कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीत ती आजूबाजूच्या ऊतींपेक्षा घन दिसत असेल, किंवा दोन्ही बाजूंना सारखी चमक असेल, तर जुन्या क्षयरोगाची किंवा तत्सम दाहाची शक्यता वाढते. एकाच बाजूला, मूळ गाठीच्या वाटेवर असलेली, चुना नसलेली तेजस्वी ग्रंथी कर्करोगाकडे झुकते. मात्र ही लक्षणे फक्त पारडे झुकवतात. त्यांच्या आधारे सुई टाळू नये.

उलट बाजूही तपासावी. ग्रंथी पेटमध्ये अंधारी पण सीटीत मोठी असेल तर काय? एका एकत्रित विश्लेषणात अशा ग्रंथींचा आकार १० ते १५ मिलिमीटर असेल तर एन२ ची शक्यता सुमारे ५ टक्के, आणि १६ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर सुमारे २१ टक्के आढळली होती. म्हणून मोठ्या ग्रंथीला निगेटिव्ह पेटच्या भरवशावर सोडून देऊ नये.

दूरच्या एकट्या डागाबद्दल तर अधिकच सावध राहावे. ज्युरिचमधील तज्ज्ञांनी २००५ साली ३५० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातील ७२ जणांना पेट-सीटीमध्ये फुप्फुसाबाहेर एकच संशयित जागा दिसली होती. ज्या ६९ जणांत निदान पक्के करता आले, त्यांच्यापैकी ३२ जणांत ती जागा फुप्फुसाच्या कर्करोगाची नव्हतीच. कुणाला निरुपद्रवी सूज होती, तर कुणाला दुसऱ्याच अवयवाची वेगळी गाठ. एकट्या डागावरून चौथी स्टेज लिहिणे हा माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रक्रियेतला सर्वात महाग पडणारा उतावीळपणा आहे.

अधिवृक्क ग्रंथीचा प्रश्न अनेकदा सुईशिवायही सुटतो. कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीत तिची घनता १० हाउन्सफिल्ड एककांपर्यंत (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) असेल आणि ती एकसारखी असेल, तर ती चरबीयुक्त, साधी, कर्करोग नसलेली ॲडिनोमा गाठ असण्याची शक्यता फार मोठी असते. खात्री न झाल्यास गाठीतली चरबी ओळखणारा केमिकल शिफ्ट पद्धतीचा एमआरआय करतात. तरीही शंका उरली तर तुकडा घ्यावाच लागतो, आणि डाव्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत अन्ननलिकेतून जाणाऱ्या एंडोसोनोग्राफीची सुई सहसा पोहोचते. आपल्या उदाहरणात घनता ६ एकके भरली आणि एमआरआयनेही ॲडिनोमाच असल्याचे सांगितले. अशा गाठीही कधीकधी मंद उजळतात. चौथ्या स्टेजचा शिक्का इथे गळून पडला.

चौथी पायरी: मेंदू, आणि फुप्फुसाचे टोक

मेंदू मुळातच साखरेवर जगतो, त्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळलेला असतो आणि त्यातील लहान गाठ लपून जाते. म्हणून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय हीच मेंदूची योग्य तपासणी आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या स्टेजच्या, मेंदूची कोणतीही लक्षणे नसलेल्या रुग्णाला ही तपासणी लागत नाही. तिसऱ्या स्टेजमध्ये बरे करण्याच्या हेतूने उपचार ठरत असतील तर एमआरआय करावा. आपल्या गृहस्थांच्या बाबतीत एन२ ची शंका असल्याने तो केला आणि तो स्वच्छ निघाला. पेट-सीटी झालेला असताना वेगळा बोन स्कॅन करण्याची सहसा गरज नसते.

फुप्फुसाच्या अगदी टोकाशी, खांद्याखाली गाठ असेल आणि हातात कळा येत असतील, तर हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे, मणक्यांमधली छिद्रे आणि हासळीच्या हाडाखालची रक्तवाहिनी यांसाठी एमआरआय सीटीपेक्षा स्पष्ट उत्तर देतो.

पाचवी पायरी: सुई

मेडिआस्टायनममधून पेशी कधी घ्याव्यात याबाबत युरोपियन सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सने २०१४ मध्ये दिलेला नियम आजही उपयोगी आहे. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंतची आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या भागात असेल, आणि सीटी व पेट दोन्हींमध्ये ग्रंथी निर्दोष असतील, तर थेट शस्त्रक्रियेकडे जाता येते. गाठ मध्यभागी असेल, ३ सेंटिमीटरहून मोठी असेल, एन१ ची शंका असेल, किंवा मेडिआस्टायनममधील ग्रंथी मोठी वा उजळलेली असेल, तर आधी पेशी तपासाव्यात.

यासाठी पहिली पसंती ईबसला, म्हणजे टोकाशी अल्ट्रासाउंड असलेल्या श्वासनलिकेच्या दुर्बिणीला असते. चित्रात उजळलेल्या ग्रंथीत सुई घालून थांबणे पुरेसे नाही. किमान ४ आर, ४ एल (श्वासनलिकेची डावी बाजू) आणि ७ (दुभाजनाखाली) ही तिन्ही स्टेशने पाहावीत, आणि आधी विरुद्ध बाजूच्या, मग मधल्या, शेवटी गाठीजवळच्या ग्रंथी असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास सुईला चिकटलेल्या पेशी वरच्या टप्प्याच्या ग्रंथीत जाऊन स्टेज खोटी वाढू शकते. ८ आणि ९ ही खालची स्टेशने अन्ननलिकेच्या बाजूने गाठता येतात. ५ आणि ६ ही डावीकडची स्टेशने महारोहिणीच्या आड असल्यामुळे त्यांच्यासाठी छातीत दुर्बीण घालणे किंवा छोटा छेद घेणे भाग पडते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्टर चाचणीत आधी एंडोसोनोग्राफी (श्वासनलिका आणि अन्ननलिका या दोन्ही वाटांनी अल्ट्रासाउंडची दुर्बीण) आणि ती निगेटिव्ह आल्यास मेडिआस्टिनोस्कोपी (मानेखाली छोटा छेद घेऊन दुर्बिणीने ग्रंथी काढणे) या क्रमाची संवेदनशीलता ९४ टक्के, तर नुसत्या शस्त्रक्रियात्मक तपासणीची ७९ टक्के भरली. सर्व स्टेशने पद्धतशीर तपासून एंडोसोनोग्राफी निगेटिव्ह आली असेल, तर पुढची मेडिआस्टिनोस्कोपी बऱ्याच रुग्णांत वगळता येते, असा २०२३ च्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधील मेडिआस्ट चाचणीचा निष्कर्ष आहे. मात्र "पद्धतशीर" या शब्दावर तडजोड नको.

रिपोर्ट वाचताना एक शब्द शोधावा. नमुन्यात लसिका पेशी पुरेशा आहेत, असे लिहिलेले असेल तरच "कर्करोग नाही" या वाक्याला अर्थ आहे. नमुना अपुरा असेल तर त्याला निगेटिव्ह म्हणू नये. आपल्या भागात या नमुन्याचा काही अंश क्षयरोगाच्या सीबीनॅट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी आधीच बाजूला काढायला सांगावा. एकदा सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की कल्चर होत नाही.

आपल्या गृहस्थांच्या ४ आर ग्रंथीत भरपूर लसिका पेशी, क्षयरोगासारखे ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) आणि सीबीनॅट पॉझिटिव्ह असे उत्तर आले, तर ७ आणि ४ एल स्वच्छ निघाले. टी२ए, एन०, एम०, म्हणजे पहिल्या स्टेजचा बी गट. कागदावर चौथी स्टेज दिसणारा रुग्ण शस्त्रक्रियेच्या यादीत आला, आणि क्षयरोगाचे उपचार शस्त्रक्रियेशी कसे जुळवायचे हा एक नवा, पण सुटण्याजोगा प्रश्न समोर आला.

छातीत पाणी असेल तर तेही याच न्यायाने तपासावे. फुप्फुसावरणातील पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर स्टेज एम१ए (छातीच्या आतच पसरलेला आजार) होते, परंतु पाणी एकदा निगेटिव्ह आले म्हणून विषय संपत नाही. पुन्हा काढावे, आणि तरीही कारण कळले नाही तर थोरॅकोस्कोपीने, म्हणजे छातीत दुर्बीण घालून, आवरणाचा तुकडा घ्यावा.

सहावी पायरी: सर्वांची बैठक, आणि वेळेचे भान

शल्यविशारद, छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, न्यूक्लियर मेडिसिन आणि पॅथॉलॉजीचे तज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ यांच्या ट्यूमर बोर्डात ही सर्व कागदपत्रे एकत्र पाहिली जावीत. रुग्णालयात अशी बैठक होते का, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावे. स्टेज लिहिताना वर्गीकरणाची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहून घ्यावे. आठव्या आवृत्तीत एन२ हा एकच गट होता. २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत एका स्टेशनातील आजार एन२ए आणि अनेक स्टेशनांतील एन२बी असे दोन गट झाले आहेत, आणि त्यामुळे एकाच रुग्णाची स्टेज दोन रिपोर्टांत वेगळी दिसू शकते.

चित्रे जुनी होतात. पेट-सीटी आणि शस्त्रक्रिया यांच्यात दोन महिन्यांहून अधिक काळ गेला असेल तर तो पुन्हा करण्याचा विचार करावा. आणि अलीकडे एक नवी अडचण आली आहे. चेकमेट ८१६ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आल्यानंतर अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीसोबत इम्युनोथेरपी दिली जाते. या उपचारानंतरच्या पेट-सीटीमध्ये मूळ गाठ आकसलेली असूनही मेडिआस्टायनममधील ग्रंथी नव्याने उजळलेल्या दिसू शकतात, आणि त्या आजार वाढल्याचे चिन्ह नसून औषधाने जागवलेल्या प्रतिकारशक्तीची सूज असू शकते. अशा वेळी ठरलेली शस्त्रक्रिया रद्द करण्यापूर्वी त्या ग्रंथीतून ईबसने पुन्हा पेशी काढायला सांगावे.